एकट्या डॉटची सावली: बडोद्यातल्या प्रयोगाच्या नोंदी

३ जुलै २०२४, बुधवार

नवी वही आजपासून. काम एका वाक्यात असं: लेसरच्या झोतात एकच क्वांटम डॉट, म्हणजे काही नॅनोमीटरचा अर्धवाहकाचा कण, ठेवला, तर झोतातला किती प्रकाश कमी होतो, ते खोलीच्या तापमानालाच मोजायचं. डॉट कॅडमियम सेलेनाइडचे, वर झिंक सल्फाइडचं कवच, उजळतात ६५५ नॅनोमीटरला, म्हणजे लालभडक. लेसर ५३२चा, हिरवा.

डॉटचा उजेड सगळेच मोजतात. फिल्टरने हिरवा अडवला की काळ्यावर लाल ठिपका उरतो आणि तो लगेच दिसतो. कमी झालेला प्रकाश मात्र भरलेल्या झोतातच शोधावा लागतो. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "शंभर लिटरच्या रांजणातून कुणी एक मिलिलिटर पाणी काढलं, तर ते वरून बघून सांगायचंय तुला." घरी जाऊन आकडे मांडणार आहे, कारण हे त्यांनी सहज म्हटलं असेल असं वाटत नाही.

४ जुलै, गुरुवार

सहज म्हटलं नव्हतं. आमचं तेलातलं ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे सूक्ष्मदर्शकाचं भिंग, एनए १.४चं (एनए जितका जास्त तितका फोकस बारीक). फोकसमध्ये ठिपक्याची रुंदी साधारण २०० नॅनोमीटर, परिणामी क्षेत्रफळ ४०,००० चौरस नॅनोमीटरच्या आसपास. अशा डॉटचं ५३२ला शोषणक्षेत्र, म्हणजे तो जणू जितक्या क्षेत्रातला प्रकाश गिळतो ते, ०.२ ते ०.५ चौरस नॅनोमीटर धरलं, तर झोत दहा लाखांत पाच ते बारा भागांनी कमी होईल. रांजणाचं गणित तेच.

आता मोजता येईल का ते. एक मायक्रोवॅट हिरव्या प्रकाशात सेकंदाला २.७ लाख कोटी फोटॉन येतात. मोजणीत आपोआप येणारा चढउतार त्याच्या वर्गमुळाइतका, सोळा लाखांच्या घरात. म्हणजे एका सेकंदात दहा लाखांत एकापेक्षाही बारीक फरक कळायला हवा. फोटॉन पुरेसे आहेत, अडचण दुसरीकडून येणार.

पॉवर वाढवून सुटका नाही. दहा मायक्रोवॅटला डॉट सेकंदाला पंचवीस कोटींहून जास्त फोटॉन गिळेल. एक गिळल्यावर मोकळा व्हायला त्याला वीसेक नॅनोसेकंद लागतात, त्यामुळे पहिला पचायच्या आत पुढचे येऊन पडतील आणि डॉट लवकर मरेल. एक मायक्रोवॅटवरच राहायचं.

१२ जुलै, शुक्रवार

लेसरची स्वतःची तीव्रता हजारात एक-दोन भागांनी सारखी थरथरते. आपल्याला हवा तो फरक त्याच्या शंभरपट लहान. म्हणून झोत दोन भागांत तोडला: एक नमुन्यातून, दुसरा थेट. दोन फोटोडायोड पाठीला पाठ लावून विद्युतप्रवाहांची वजाबाकी. लेसरची थरथर दोन्हींत सारखी असते, ती निघून जाते.

पहिल्या मांडणीत आवाज, म्हणजे मोजणीतला नको असलेला चढउतार, हिशेबापेक्षा बराच जास्त. दोन दिवस लेसरला दोष देत होते. खरा दोषी निघाला ओपॅम्पवरचा (सिग्नल वाढवणाऱ्या चिपवरचा) एक लाख ओहमचा रोध. त्याचा उष्णतेचा आवाज आपल्या ०.३ मायक्रोअँपिअर प्रवाहाच्या फोटॉन-आवाजाहून मोठा होता. तो काढून दहा लाख ओहमचा लावल्यावर रोधाचा आवाज निम्म्याखाली आला. एवढ्याशा रोधाने दोन दिवस खाल्ले, पण आता हे गणित डोक्यात पक्कं बसलंय.

वर्कशॉपमधल्या काकांनी पिएझोच्या (विजेने बारीक हलणाऱ्या स्फटिकाच्या) बैठकीला पितळेची नवी पट्टी करून दिली. नमुना ८३ हर्ट्झने हलवायचा. दर हेलकाव्यात डॉट झोत दोनदा ओलांडतो, म्हणून सिग्नल १६६वर शोधायचा, लॉक-इनने, म्हणजे ठरावीक वारंवारतेचाच सिग्नल वेचणाऱ्या यंत्राने. ५०च्या पटी टाळल्या आहेत, मेन्सची गुणगुण तिथेच असते.

२४ जुलै, बुधवार

डॉटआधी सोन्याच्या गोळ्या. ४० नॅनोमीटरची गोळी झोतात आली की झोत ६ टक्क्यांनी बसला, लॉक-इनशिवाय सरळ दिसला. २० नॅनोमीटरला पाऊण टक्का. व्यास निम्मा केला की शोषण आठपट घसरतं, कारण ते आकारमानाबरोबर चालतं. विखुरणारा प्रकाश आकारमानाच्या वर्गाबरोबर चालतो, म्हणून तो चौसष्टपट घसरतो. चाळीसच्या गोळीतही बहुतेक शोषणच असतं, विखुरणं थोडं. गोळी लहान करत गेलो की विखुरणं दिसेनासं होतं आणि शोषण टिकून राहतं. लहान वस्तू शोधायची तर तिचा उजेड शोधू नये, तिची सावली शोधावी, हे पुस्तकात वाचलं होतं. आज पडद्यावर पाहिलं.

दहा नॅनोमीटरची गोळी: हजारात एक. दिसली, पण काचेचे खड्डे-उंचवटेही तेवढेच दिसले. हे पुढे जड जाणार.

९ ऑगस्ट, शुक्रवार

डॉट टोल्युइनमध्ये पातळ करून कव्हरस्लिपवर फिरवून पसरले. लाल ठिपके छान सुटे दिसतात. एका ठिपक्यावर झोत दहा लाखांत ३०० भागांनी कमी! मॅडमना रात्री साडेदहाला फोन केला. त्या शांतपणे एवढंच म्हणाल्या, "लुकलुकतोय का?"

१४ ऑगस्ट, बुधवार

लुकलुकत नव्हता. एकट्या डॉटची ओळख हीच: तो एकाएकी विझतो, एकाएकी पेटतो, मधली पायरी नाही. हे १९९६ मध्ये पहिल्यांदा नोंदलं गेलं. डॉटमध्ये एखादा जादा विद्युतभार अडकला की ऊर्जा प्रकाशाऐवजी त्या भाराला मिळते आणि डॉट अंधारा होतो. माझा ठिपका मंदपणे, सारखा उजळत होता. म्हणजे गठ्ठा, चाळीस-पन्नास डॉटचा. पावसाळी हवेत कव्हरस्लिपवर ओलीचा थर बसतो आणि डॉट एकमेकांना धरतात. ऍसिटोन, आयसोप्रोपिल आणि प्लाझ्मा क्लीनर, नंतर लगेच पसरवायचे. वाट बघायची नाही.

फोन करायची घाई केली याचं वाईट वाटलं. पण मॅडमचा एक प्रश्न आठवड्याचं काम वाचवतो, हे पुन्हा कळलं.

२६ ऑगस्ट, सोमवार

गोकुळाष्टमी. पाऊस थांबत नाही. विश्वामित्री नदी धोक्याच्या २५ फुटांच्या वर गेली आहे. दुपारी लेसर बंद करून, मुख्य स्विच काढून, डॉटची बाटली आणि डायोडची पेटी वरच्या कपाटात ठेवून घरी आले.

३१ ऑगस्ट, शनिवार

चार दिवस वीज नव्हती. समा भागातल्या मैत्रिणीच्या घरात तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. तिच्या बाबांची पुस्तकं गेली. दोन दिवस तिथेच गाळ काढत होतो. प्रयोगशाळेत पाणी आलं नाही. ओल शोषणारं सिलिका जेल मात्र निळ्याचं पार गुलाबी झालंय आणि सगळ्या कव्हरस्लिपवर बुरशीसारखे ठिपके. सगळ्या टाकून दिल्या.

६ सप्टेंबर, शुक्रवार

विचित्र. नव्या नमुन्यात काही जागी झोत कमी होण्याऐवजी वाढतो. दहा लाखांत २०-३० भागांनी. शोषणाने प्रकाश वाढेल कसा? तारा उलट जोडल्या नाहीत, तीनदा पाहिलं. त्याच जागी फोकस एक मायक्रोमीटरभर खाली केला तर वाढ जाऊन घट येते. मॅडमना दाखवलं. त्यांनी कागद पुढे केला. "बाण काढ. लेसरचा एक, डॉटचा एक. आणि मला सांग, त्यांच्यात कोन किती."

काढता आला नाही. उद्या गणपती, मंगळवारपासून गौरी. घरी घेऊन जाते.

११ सप्टेंबर, बुधवार

उत्तर घरच्या झोपाळ्यावर मिळालं. दांडिया बाजारातला आमचा वाडा जुना आहे, ओसरीत पितळी कड्यांचा झोपाळा. दुपारी गौरीच्या जेवणानंतर आजी त्यावर बसली होती आणि माझी भाची तिला ढकलत होती. मी बघत बसले.

फार हळू ढकललं तर झोपाळा हाताबरोबर जातो, हात पुढे तर तोही पुढे. नेमक्या लयीत ढकललं तर झोपाळा हाताच्या पाव फेरी मागे असतो: हाताचा जोर सगळ्यात जास्त, तेव्हा झोपाळा मध्यातून सर्वांत वेगाने जात असतो. ऊर्जा झोपाळ्यात जाते ती याच लयीत. हाताबरोबरच जाणारा झोपाळा जितकं घेतो तितकंच अर्ध्या फेरीत परत करतो, एकूण काही घेत नाही.

डॉट हा झोपाळा, लेसर हा हात. हलणारा डॉट स्वतःची लाट सोडतो, ती लेसरच्या लाटेत मिसळते, आणि फोटोडायोडला पोहोचते ती दोघांची बेरीज. काचेचा उंचवटा काही शोषत नाही, म्हणजे तो हाताबरोबर जाणारा झोपाळा. त्याची लाट नेमक्या फोकसमध्ये लेसरच्या लाटेशी काटकोनात येते, म्हणून ना घट, ना वाढ. फोकस हलवला की कोन झुकतो: एका बाजूला वाढ, दुसऱ्या बाजूला घट. जो ऊर्जा घेतो तो पाव फेरी मागे, त्याची लाट फोकसमध्ये लेसरच्या नेमकी विरुद्ध येते. तिथे घट, आणि फोकसच्या वर-खाली सारखीच.

म्हणजे ओळखायची खूण हाताशीच होती. फोकस वरपासून खालपर्यंत न्यायचा आणि आलेख बघायचा. मधोमध खड्डा आणि दोन्ही बाजू सारख्या, तर ऊर्जा घेणारी वस्तू. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, तर नुसती काच. गेल्या आठवड्याच्या सगळ्या "वाढी" काचेच्या होत्या.

आजीला सांगितलं की तिच्यामुळे माझं काम पुढे सरकलं. तिने विचारलं, "मग मोदक किती खाल्लेस?"

१९ सप्टेंबर, गुरुवार

पाव फेरी मागे असलेला झोपाळा ऊर्जा घेतो, बरोबर. पण घेतलेल्या ऊर्जेचं करतो काय? कड्या कुरकुरल्या तर ती उष्णतेत जाते. कड्या अगदी गुळगुळीत असतील तर? तर तो हलून हलून आढंच हलवेल, म्हणजे घेतलेलं सगळं लाट म्हणून चहूकडे पाठवेल. झोतातला प्रकाश कमी झाला यावरून यांपैकी काय झालं ते कळत नाही. दोन्हीत खड्डा सारखाच.

थंड डॉटमध्ये हे स्पष्ट दिसतं. गॅलियम आर्सेनाइडमधल्या इंडियम आर्सेनाइडच्या डॉटला द्रव हेलियमच्या ४.२ केल्व्हिनवर नेलं की त्याची रेषा, म्हणजे तो ज्या ऊर्जेच्या प्रकाशाला दाद देतो ती पट्टी, एक-दोन मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी अरुंद होते. असा डॉट उष्णतेत जवळजवळ काही टाकत नाही, जे घेतो ते सगळं विखुरतो. तरी झोतात खड्डा पडतो. २००३च्या सुमारास गेटच्या व्होल्टेजने डॉटची रेषा मागेपुढे हलवून लॉक-इनने हा खड्डा मोजू लागले. २००७ मध्ये डॉटच्या वर गॅलियम आर्सेनाइडचंच भिंग बसवून तो १२ टक्क्यांवर नेला, तेव्हा लॉक-इनची गरजच उरली नाही. आणि त्याला लोक "शोषणाचा वर्णपट" म्हणतात! तिथे शोषण जवळपास शून्य आहे. मला हे पहिल्यांदा वाचताना खटकलं होतं, आता का खटकलं ते सांगता येतं.

आदर्श डॉट, एकाच तरंगलांबीला बोलणारा, तरंगलांबीच्या वर्गाच्या साधारण निम्मं क्षेत्र अडवू शकतो. ५३२ला, काचेसारख्या माध्यमात, हे सुमारे ६०,००० चौरस नॅनोमीटर भरतं. आमच्या फोकसच्या ठिपक्याहून मोठं! पाच-सहा नॅनोमीटरची वस्तू अख्खा झोत अडवू शकेल. आमचा डॉट ०.४ अडवतो, लाखपटीहून कमी. खोलीच्या तापमानाला जाळीची कंपनं त्याची लय इतक्या वेळा मोडतात की रेषा कितीतरी पटींनी रुंद होते. झोपाळा तोच, पण त्याला कुणीतरी सारखं धक्के मारतंय.

इथे एक शब्दांचा घोळही नोंदवते. मराठी शाळेत आम्ही 'प्रकाशाचे विकिरण' शिकलो, म्हणजे विखुरणं. इथे गुजराती माध्यमातून आलेले त्याला 'प्रकीर्णन' म्हणतात, आणि 'विकिरण' म्हणजे त्यांच्याकडे वस्तूने स्वतः प्रकाश फेकणं, जे आमच्याकडे 'प्रारण'. पहिल्या वर्षी ज्युनियरशी अर्धा तास वाद झाला, आणि नंतर कळलं की दोघी वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतोय. आता वाटतं, थंड डॉटच्या बाबतीत हा घोळ घोळच नाही. लेसरने हलवलेला डॉट जी लाट फेकतो, तीच विखुरलेला प्रकाश. कुठलाही शब्द वापरा.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

काच शांत करायचा उपाय मिळाला, ज्युनियरने सुचवला. डॉटवर पीएमएमएचा, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा, पातळ थर फिरवायचा. त्याचा अपवर्तनांक १.४९, काचेचा १.५२, उंचवटा दोन्हीकडे जवळपास सारख्याच माध्यमात बुडतो आणि दिसेनासा होतो. काचेचा गोंधळ दहापट खाली. ती दुसऱ्या वर्षाला आहे. तिचं नाव प्रबंधात आलं पाहिजे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

नवरात्र. रात्री नऊला मोजायला बसलो आणि १६६ हर्ट्झवर आवाजाचा डोंगर. जवळच्या मैदानावर गरबा, आणि स्पीकरमधल्या ढोलाचा ठोका हवेतून, भिंतीतून, टेबलापर्यंत पोहोचतो. टेबल हवेच्या पायांवर आहे, पण हवेतून येणारा आवाज पाय थांबवत नाहीत. आरशांवर जाड पुठ्ठ्याचा डबा घातला, थोडा फरक पडला. वारंवारता बदलावी तर वर पिएझोचा स्वतःचा अनुनाद येतो.

गरब्यावर राग नाही. ज्युनियर आठच दिवस जाते आणि मीही दोनदा जाणार आहे. मोजणी गरबा संपल्यावर करायची.

१० ऑक्टोबर, गुरुवार, पहाटे ३.४०

गरबा संपल्यावर एकला सुरुवात केली. रस्ते शांत, एसी बंद. एका लाल ठिपक्यावर दहा मिनिटं उजेड बघितला: लुकलुकतो, एका पायरीत. फोकस वरून खाली नेला. मधोमध खड्डा, दोन्ही बाजू सारख्या, दहा लाखांत ७ भाग. दोन मायक्रोमीटर शेजारच्या रिकाम्या जागी तीच मोजणी: काही नाही. परत डॉटवर: खड्डा. पुन्हा शेजारी: काही नाही. असं सहा वेळा केलं.

यावेळी फोन केला नाही. हात थोडे थरथरत होते, म्हणून आकडे लिहून ठेवते आणि थांबते. बाहेर चहावाल्याने स्टोव्ह पेटवलाय.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

चौदा डॉट. नऊ जणांत सममित खड्डा, ५ ते ११च्या मध्ये. तिघे मोजणी संपायच्या आत कायमचे विझले, दोघांजवळ काचेचा उंचवटा असल्याने आलेख तिरका. रिकाम्या चौदा जागांपैकी एकीतही खड्डा नाही. आकारानुसार डॉट कमीजास्त शोषतात, त्यामुळे ५ ते ११ हा पसारा मला ओढूनताणून आणलेला वाटत नाही. मॅडमनी सगळे आलेख एकेक करून पाहिले आणि तिरक्या दोघांना "घेऊच नकोस" म्हणाल्या. घेतले नाहीत.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीनंतर ज्याची वाट पाहत होते ते. फोटॉन मोजणारा डिटेक्टर आणि लॉक-इन एकाच घड्याळावर जोडले. आता दर वीस मिलिसेकंदाला दोन आकडे मिळतात: डॉट किती उजळतोय आणि झोत किती कमी आहे. चाळीस मिनिटांची मोजणी झाल्यावर तिचे दोन ढीग केले, डॉट पेटलेला असतानाचा आणि विझलेला असतानाचा.

पेटलेला डॉट ५३२चा फोटॉन घेऊन ६५५चा देतो, म्हणजे प्रकाश परत केला तरी ऊर्जेचा जवळजवळ पाचवा हिस्सा उष्णतेत ठेवूनच देतो. विझलेला डॉट सगळीच ऊर्जा उष्णतेत टाकतो. दोन्ही वेळी वाटा अगदी वेगळ्या.

खड्डा: पेटलेला असताना दहा लाखांत ७.१, विझलेला असताना ६.८. चूक दोन्हीकडे ०.९. २००९ मध्ये झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातील गटाने खोलीच्या तापमानाला विझलेला एकटा डॉट असाच त्याच्या सावलीवरून पाहिला होता, आमची पद्धत त्यापुढे बरीच साधी. तरी आकडा जागचा हलला नाही.

मॅडम माझ्या खुर्चीत बसल्या. चष्मा काढून पडद्याजवळ गेल्या. विझलेल्या ढिगाचा आलेख एकटाच उघडायला लावला, नंतर पेटलेल्याचा, नंतर दोन्ही एकावर एक. "हाच डॉट उद्या परत मिळेल?" मी म्हटलं, काचेवर कोपऱ्यापासूनचं अंतर लिहून ठेवलंय. "मग उद्या परत घे. आणि या वेळी ढीग कुठला आहे ते मला न सांगता दे."

नमुना डेसिकेटरमध्ये, म्हणजे कोरड्या हवेच्या बंद भांड्यात, ठेवला. सिलिका जेल निळं आहे.